अडलेलें गणित

लोणावळ्याहून पुण्यास जाणारी लोकल मळवली, कामशेत, कान्हे, वडगांव, तळेगांव अशीं स्टेशनें घेत सुमारें दीड तासांत पुणें गांठते. ती १९७८ सालीं सुरू झाली. तेव्हांपासून मावळांतील विद्यार्थ्यांचा कितीतरी अभ्यास तिच्या बांकांवर झाला असेल. आणि त्या अभ्यासांत दुसऱ्याच्या वहींतील गणितें आपल्या वहींत उतरून घेण्याचा वाटा लहान नसावा.

उतरून घेणाऱ्यास नांवें ठेवणें सोपें आहे. परंतु अंदर मावळांत किंवा पवन मावळांत, एस. टी.च्या शेवटच्या थांब्यापलीकडे राहणाऱ्या मुलाचें गणित रात्रीं अडलें, तर त्यानें विचारावें कोणास? शिक्षक दुसऱ्या दिवशीं भेटणार, आणि तेही भरल्या वर्गांत. घरांतील वडीलधाऱ्यांची शाळा पुष्कळदां त्याच्या इयत्तेच्या आधींच सुटलेली असते. गाईडांत उत्तर असतें, पण तें सुचलें कसें हें नसतें. अलीकडे मोबाइलवर प्रश्नाचें छायाचित्र दाखविलें कीं पुरी सिद्धता क्षणांत समोर येते. ही सोय थोडी नव्हे. मात्र अडचण तेवढ्यानें सुटत नाहीं. ती वहींतून नाहींशी होते आणि परीक्षेच्या दिवशीं पुन्हा हजर होते.

शहरांतील सुशिक्षित घरीं निराळाच प्रकार घडतो. तेथें वडील पेन्सिल घेतात, चार ओळींत गणित सोडवितात आणि म्हणतात, "बघ, किती सोपें होतें!" यांतील 'सोपें' हा शब्द मुलास जितका लागतो, तितकी दुसरी कोणतीही बोलणी लागत नसेल. पुढच्या वेळीं तें मूल विचारीतच नाहीं.

मदत मागावी कशी व द्यावी कशी, हें एका उदाहरणावरून पाहावें. कागद-पेन्सिल जवळ असल्यास बरें. कोणतीही तीन अंकी संख्या घ्यावी. तिचे तिन्ही अंक सारखे मात्र नसावेत. अंक उतरत्या क्रमानें मांडून होणाऱ्या संख्येंतून चढत्या क्रमानें होणारी संख्या वजा करावी, आणि येणाऱ्या बाकीवर तीच कृति पुन्हा करावी. ३५२ घेतल्यास ५३२ वजा २३५ म्हणजे २९७. पुढें ९७२ वजा २७९ म्हणजे ६९३; मग ५९४; मग ४९५. आणि ४९५ वर हीच कृति केली तर ९५४ वजा ४५९, म्हणजे पुन्हा ४९५. गाडी येथें थांबते ती कायमची.

समजा, कामशेतजवळच्या एका मुलानें अशा वीस संख्या करून पाहिल्या आणि प्रत्येक वेळीं ४९५ च आले. शिक्षक म्हणाले, "आतां सिद्ध कर." येथें मुलगा अडतो, कारण वीसदां खरें ठरलेलें एकविसाव्या वेळीं खरें कां ठरावें, हा प्रश्न त्याच्या मनांत तोंवर आलेलाच नसतो. अशा मुलानें "सिद्धता सांगा" एवढेंच म्हटलें, तर सांगणाराही सिद्धता सांगून मोकळा होतो. परंतु आपल्या वीसही वजाबाक्या पुढें ठेवून तो म्हणाला कीं, "प्रत्येक बाकीच्या मधला अंक ९ आहे, तो कां?" तर निम्मी सिद्धता त्यानें स्वतःच केली. जाणत्यानें मग उत्तर देऊं नये; "आंकड्यांऐवजीं अक्षरें घेऊन पाहा," एवढेंच म्हणावें.

सर्वांत मोठा अंक अ, मधला ब व लहान क मानला, तर वजाबाकींत ब उडून जातो आणि बाकी नेहमीं अ व क यांच्या फरकाची ९९ पट येते. हा फरक १ पासून ९ पर्यंतच असूं शकतो. म्हणजे १०० पासून ९९९ पर्यंतच्या, सर्व अंक सारखे नसलेल्या, ८९१ संख्या पहिल्याच पायरीस नऊ बाक्यांत येऊन पडतात: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२ आणि ८९१. या नऊ तपासल्या कीं काम झालें. ०९९ वरून ८९१, तेथून ७९२, ६९३, ५९४ व शेवटीं ४९५. १९८ ही ७९२ ला, २९७ ही ६९३ ला आणि ३९६ ही ५९४ ला मिळते. कितीही लांबचा रस्ता घेतला तरी सहा वजाबाक्यांपलीकडे जावें लागत नाहीं.

येथें एक खांच आहे. २२१ घेतल्यास बाकी ९९ येते. मुलानें ती दोन अंकी मानली, तर पुढें ९९ वजा ९९ म्हणजे शून्य, आणि सारी इमारत कोसळली! शिकविणाऱ्यास या क्षणीं "आधीं शून्य लिही" असें सांगण्याचा मोह होतो. तो आवरावा. दोन दिवस लागले तरी चालेल. पण आपली सिद्धता कोठें मोडली आणि मूळ विधानांत कोणती अट लिहावयाची राहिली, हें मुलास स्वतः सांपडलें, तर सिद्धता म्हणजे काय हें त्यास पुन्हा शिकवावें लागणार नाहीं.

या कृतीशीं ज्यांचें नांव जोडलेलें आहे ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेंत शिक्षक होते. १९०५ सालीं डहाणूस जन्मलेल्या कापरेकरांस फर्ग्युसन कॉलेजांत असतां १९२७ सालीं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालें. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनीं शाळेंत शिकविलें. चार अंकी संख्यांवर हीच कृति केली असतां ६१७४ येथें थांबावें लागतें, हा त्यांचा शोध १९४९ सालीं मद्रासच्या गणित परिषदेंत मांडला गेला. त्यांच्या कामास क्षुल्लक मानणारे विद्वान इकडे होते. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांत लिहिल्यावर जगभर त्यांचें नांव झालें. कापरेकरांजवळ पदव्युत्तर पदवी नव्हती. स्वतः वजाबाक्या करून पाहण्याचा कंटाळा मात्र त्यांस नव्हता.

पुण्यांत श्रीराम अभ्यंकर यांनीं १९७६ सालीं भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापिलें. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत नांव मिळविलेल्या या गणितज्ञास शालेय बीजगणिताचा मोठा अभिमान होता. प्रतिष्ठानांत शाळकरी मुलांसाठीं ऑलिंपियाडचेही वर्ग भरत आले आहेत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडांत एका दिवशीं साडेचार तास मिळतात आणि प्रश्न तीनच असतात. शाळेच्या परीक्षेंत मिनिटें मोजणाऱ्या मुलास हें प्रमाण नवल वाटण्याजोगें आहे. कारण येथें एकाच प्रश्नापुढें तासभर कांहींही न सुचतां बसणें हा अभ्यासाचाच भाग धरलेला आहे. मदत केव्हां मागावी, याचेंही उत्तर त्यांत आलें.

आतां तो कामशेतचा मुलगा पुण्याहून परत निघाला आहे, असें समजावें. तीन अंकांचें झालें. तळेगांव मागें पडल्यावर त्याच्या मनांत येतें, दोन अंकी संख्यांचें काय? त्या कोठें थांबतात? हा प्रश्न त्यास कोणीं घातलेला नाहीं. तो वहीच्या मागच्या पानावर ०९ लिहितो. ९० वजा ०९ म्हणजे ८१. मग ६३, मग २७, मग ४५. आणि ५४ वजा ४५ म्हणजे पुन्हा ०९! थांबणें नाहींच, नुसतें फिरत राहणें. तो १८ घेऊन पाहतो, ३६ घेऊन पाहतो, ५४ घेऊन पाहतो; सगळ्या त्याच फेऱ्यांत येऊन मिळतात. कान्हे स्टेशन येईपर्यंत त्याच्या ध्यानांत येतें कीं येथें बाकी नेहमीं ९ च्या पटींत आहे, आणि तो अक्षरें मांडावयास लागतो.