खलभूमिकेचा साचा आणि सदाशिव अमरापूरकर

चित्रपटसृष्टीत एखाद्या नटाला अकस्मात लाभलेले यश पुष्कळदा त्याच्या पुढील वाटचालीस बंधनकारक ठरते. ज्या भूमिकेने तो लोकांस परिचित होतो, त्याच भूमिकेच्या प्रतिकृती त्याजकडून वर्षानुवर्षे मागितल्या जातात. हा अनुभव आपल्याच देशापुरता आहे असे नाही. अमेरिकेतील रेमंड बर या नटाचे उदाहरण या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. धिप्पाड देह आणि खोल आवाज यांमुळे हॉलिवूडने त्यास प्रायः दुष्टांच्याच भूमिका दिल्या. हिचकॉक यांच्या १९५४ सालच्या 'रिअर विंडो' या चित्रपटातील पत्नीघातकी मनुष्य त्यानेच रंगविला. पुढे १९५७ साली दूरचित्रवाणीवर 'पेरी मेसन' ही मालिका सुरू झाली आणि निरपराध्यांची बाजू मांडणारा वकील म्हणून हाच नट घरोघर पोहोचला. ती मालिका १९६६ पर्यंत चालली. ज्या देहयष्टीने व ज्या आवाजाने पूर्वी भय वाटे, त्यांनीच आता प्रेक्षकांस विश्वास वाटू लागला.

असेच काही आपल्याकडे घडू शकले असते काय, हा प्रश्न सदाशिव अमरापूरकर यांच्या कारकीर्दीकडे पाहताना मनात येतो. मराठवाड्यास लागून असलेल्या अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे ११ मे १९५० रोजी त्यांचा जन्म झाला. सदाशिव अमरापूरकर हे त्यांनी १९७४ साली रंगभूमीसाठी घेतलेले नाव होय. इतिहास हा विषय घेऊन त्यांनी एम. ए. केले होते. या गोष्टीस नटांच्या परिचयलेखांत सहसा एका ओळीपलीकडे स्थान मिळत नाही. आमच्या मते मात्र तिचे महत्त्व त्याहून अधिक आहे. नचिकेत व जयू पटवर्धन यांच्या '२२ जून १८९७' (१९७९) या चाफेकर बंधूंवरील मराठी चित्रपटात त्यांनी लोकमान्य टिळकांची छोटी भूमिका केली. चित्रपटातील त्यांचा प्रवेश असा एका ऐतिहासिक व्यक्तिरेखेच्या द्वारे झाला.

कीर्ती मिळाली ती मात्र दुसऱ्याच वाटेने. 'हँड्स अप' या मराठी नाटकातील त्यांचे काम गोविंद निहलानी यांच्या नजरेस आले आणि 'अर्धसत्य' (१९८३) मधील रामा शेट्टी ही भूमिका त्यांच्याकडे चालून आली. श्री. दा. पानवलकर यांची कथा आणि विजय तेंडुलकर यांची पटकथा यांवर आधारलेल्या या चित्रपटात ओम पुरी यांनी रंगविलेला उपनिरीक्षक वेलणकर हा मध्यवर्ती आहे. रामा शेट्टीस मोजकेच प्रसंग वाट्याला आलेले आहेत. तरीही कथानकाचा सारा ताण त्याच्याभोवती गोळा होतो, हे कशामुळे? तोपर्यंतचा हिंदी पडद्यावरचा खलपुरुष गर्जना करणारा, विचित्र वेश धारण करणारा, आपल्या दुष्टपणाची स्वतःच जाहिरात करणारा असा असे. रामा शेट्टीला आवाज चढविण्याचे कारणच पडत नाही. राजकीय सत्ता आपल्या हाती येणार आहे व पोलीस अधिकारी आज ना उद्या आपल्याच दारी येईल, हे तो जाणून आहे. अमरापूरकरांनी ही खात्री थंड नजरेतून व सावकाश बोलण्यातून व्यक्त केली. शेवटी वेलणकर खरोखरच मदतीसाठी त्याच्याकडे जातो, आणि तेथेच त्याचा गळा आवळतो; तो प्रसंग खरा वाटतो याचे पुष्कळसे श्रेय या संयमास द्यावे लागेल. या भूमिकेबद्दल त्यांना साहाय्यक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले.

त्यानंतर साचा तयार झाला. 'हुकूमत' (१९८७) व तत्सम व्यापारी चित्रपटांतून त्यांनी एकामागून एक खलनायक रंगविले. यातील बऱ्याच भूमिकांविषयी विस्ताराने लिहावे असे काही नाही. अपवाद महेश भट्ट यांच्या 'सडक' (१९९१) चा. त्यातील 'महारानी' ही कुंटणखाना चालविणारी तृतीयपंथी व्यक्ती त्यांनी अशा ताकदीने उभी केली की, खलभूमिकेसाठी फिल्मफेअरने नव्याने सुरू केलेले पारितोषिक १९९२ साली प्रथम त्यांनाच लाभले. अभिनय म्हणून ही कामगिरी असामान्य होती. तथापि तृतीयपंथी म्हणजे क्रूर व भयप्रद, ही समजूत दृढ करण्यास या भूमिकेने हातभार लावला, हेही आज नमूद करणे प्राप्त आहे. पुढे 'आँखें' (१९९३), 'कुली नं. १' (१९९५), 'इश्क' (१९९७) अशा चित्रपटांतून ते विनोदाकडे वळले.

आता दूरदर्शनकडे वळू. पंडित नेहरूंच्या ग्रंथावर आधारलेल्या, श्याम बेनेगल यांच्या त्रेपन्न भागांच्या 'भारत एक खोज' (१९८८) या मालिकेत अमरापूरकरांनी महात्मा जोतीराव फुले यांची भूमिका केली. 'हुकूमत' नंतर अवघ्या वर्षभरात! इतिहासाच्या या विद्यार्थ्याने तेथे केलेले काम पाहिले म्हणजे रेमंड बर याची आठवण होते. परंतु दोहोंत मोठा फरक आहे. बर यास नऊ वर्षे एकच व्यक्तिरेखा दर आठवड्यास प्रेक्षकांसमोर आणावयास मिळाली; अमरापूरकरांच्या वाट्याला आला तो एका विशाल मालिकेचा लहानसा अंश. तेवढ्याने साचा मोडणे शक्य नव्हते. मराठीत मात्र सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी 'दोघी' (१९९५) व 'वास्तुपुरुष' (२००२) या चित्रपटांतून त्यांच्यातील निराळ्या नटास वाव दिला.

त्यांच्या सार्वजनिक जीवनातील एक प्रसंग आमच्या भागाशी निगडित आहे. २०१३ सालच्या आरंभी मराठवाड्यात भीषण दुष्काळ होता. जायकवाडीचे पाणी मृतसाठ्याखाली गेले होते. त्या मार्चमध्ये मुंबईत वर्सोवा येथे होळीनिमित्त पाण्याची उधळपट्टी चाललेली पाहून अमरापूरकरांनी ती थांबविण्याचा आग्रह धरला, तेव्हा वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्यांना धक्काबुक्की सोसावी लागली. गोदावरीच्या पाण्यावरून नगर व मराठवाडा यांच्यात जो वाद चालत आला आहे तो सर्वांस ठाऊक आहे. म्हणूनच एका नगरकराने दाखविलेली ही आस्था येथे नोंदवाविशी वाटते.

त्याच वर्षी प्रदर्शित झालेल्या 'बॉम्बे टॉकीज' मध्ये दिबाकर बॅनर्जी यांच्या, सत्यजित राय यांच्या कथेवरून घेतलेल्या भागात त्यांनी अखेरची लक्षणीय भूमिका केली. नवाजुद्दीन सिद्दिकी यांनी रंगविलेल्या अपयशी नटास कल्पनेत भेटून अभिनयाविषयी बोल लावणारा त्याचा रंगभूमीवरील गुरू, अशी ती भूमिका आहे. ३ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार नगर येथे झाले.