अंगणाचा उतार : दुबई मरीनामध्ये मिळालेला धडा



दुबईला जाऊन आलेली माणसे उंच इमारती, सोन्याचा बाजार आणि बोटीतले जेवण यांच्या गोष्टी सांगतात. आम्ही मात्र तिथून जमिनीला उतार कसा द्यायचा ते शिकून आलो. हसू नका, आमच्या घराला त्याची फार गरज होती.

२०२० च्या सप्टेंबरात करार झाला आणि इस्राएलहून दुबईला थेट विमाने सुरू झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये आम्ही उभयता भाचीकडे आठ दिवस राहून आलो. भाची मूळची ठाण्याची, लग्नानंतर दुबई मरीनामध्ये राहते. जावई बांधकामाच्या जागांवर जमिनीची लेव्हल देण्याचे काम करतात. रोज संध्याकाळी ते कामावरून आले की आम्ही चौघे पाण्याकाठच्या मरीना वॉकवर फिरायला जायचो. मरीनाचे ते पाणी म्हणजे नैसर्गिक खाडी नव्हे बरं का! वाळवंट खणून साधारण तीन किलोमीटरचा कालवा काढला आणि समुद्राचे पाणी आत घेतले. दोन्ही काठांना टॉवरच टॉवर. त्यातला कायान टॉवर तर पिळलेल्या कपड्यासारखा, खालपासून वरपर्यंत ९० अंशांत वळलेला. आम्ही माना वर करून बघत होतो, तेव्हा जावई म्हणाले, "मामा, मामी, वर सगळेच बघतात. जरा खाली बघा."

त्यांनी हातातल्या बाटलीतले थोडे पाणी फरशीवर ओतले. आम्हाला फरशी अगदी सपाट दिसत होती. पण पाणी क्षणभर थांबले आणि सरळ एका बाजूला चालू लागले, ते जाळीच्या गटारापर्यंत. जावई म्हणाले, "सपाट दिसते ना? सपाट नाही. मीटरला दोन सेंटिमीटर उतार आहे. सपाट केली असती तर एका पावसात इथे डबकं झालं असतं."

आम्ही दोघे एकमेकांकडे बघतच राहिलो, कारण महिन्याभरापूर्वीच आमच्या घरात पाणी शिरले होते आणि ते आमच्याच हातांनी आत आणलेले होते.

काय झाले ते सांगतो. किर्यात मलाखीजवळच्या एका मोशावात आमचे घर आहे. फाटकापासून दारापर्यंत चाळीसेक मीटरची कच्ची वाट. रस्ता वर, घर थोडे खाली. वाटेत मध्येच एक उंचवटा होता, त्यावर गाडी आपटायची, आणि बाजूला गवताने भरलेला जुना चर. २०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही एक जुना गार्डन ट्रॅक्टर विकत घेतला, पुढे माती ढकलायचे पाते लावलेला. झालं! लहान मुलाला खेळणे मिळावे तशी आमची गत. आठ दिवस धुरळा उडवला, उंचवटा तासला, ती माती चरात ढकलली आणि सगळे कॅरमबोर्डासारखे सपाट करून टाकले.

आई ओट्यावर खुर्ची टाकून बघत होती. तिचे वय तेव्हा ८४. अलिबाग तालुक्यातल्या खेड्यात वाढलेली आणि तिथूनच अलिया करून आलेली. ती म्हणाली, "तो उंचवटा काढू नका रे. पाणी कुठं जाणार मग?" आम्ही म्हटले, "आई, हे कोकण नव्हे. इथे पाऊस असतो तरी किती?"

जानेवारी २०२३ मध्ये एका रात्री धो धो पाऊस पडला. रस्त्यावरचे पाणी फाटकातून शिरले, आमच्या सपाट वाटेवरून सरळ खाली आले आणि पहिले दार लागले ते आईच्या खोलीचे. पहाटे ती पलंगावर पाय वर घेऊन बसली होती, खाली घोट्याएवढे पाणी. पलंगाखालच्या ट्रंकेत तिच्या लग्नाचे फोटो होते. बरेचसे एकमेकांना चिकटले. सोडवायला गेलो तर चेहरेच निघून आले. ती एका शब्दाने आम्हाला बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

हे सगळे आम्ही मरीना वॉकवरच्या बाकावर बसून जावयांना सांगितले. त्यांनी कागदी रुमाल घेतला, पेन काढले आणि तिथेच आमच्या घराचा नकाशा मांडला. म्हणाले, "मामा, तो उंचवटा चूक नव्हता. कुणीतरी विचार करून तो तिथे ठेवला होता. पाणी अडवून चरात वळवायचं काम तो करत होता. तुम्ही पहारेकरीच काढून टाकलात."

त्या आठ दिवसांत जे शिकलो ते वाचकांसाठी थोडक्यात देत आहोत. मोशावात घर असलेल्यांना, आणि गावी अलिबाग-पेणकडे अजून घर असलेल्यांनाही उपयोग होईल.

पहिली गोष्ट, ट्रॅक्टरला हात लावण्याआधी पाणी कुठून येते आणि कुठे जायला हवे ते ठरवायचे. डोळ्यांवर भरवसा नको. खुंट्या ठोकून दोरी बांधावी आणि पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल घ्यावी. गवंडी लोकांची ही जुनी युक्ती आहे. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर येते, ते कधी खोटे बोलत नाही. फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये.

दुसरी, भिंतीपासून पहिल्या तीन मीटरमध्ये जमीन निदान १५ सेंटिमीटर खाली जायला हवी. गाडीची कच्ची वाट मधोमध फुगीर ठेवावी, मीटरला तीन सेंटिमीटर उतार दोन्ही कडांना. म्हणजे तीन मीटर रुंद वाटेचा मधला भाग कडांपेक्षा साडेचार सेंटिमीटर उंच. डोळ्यांना जाणवत नाही, पण पाण्याला बरोबर कळते.

तिसरी गोष्ट पात्याची. पाते आडवे सरळ ठेवले की माती फक्त पुढे ढकलली जाते. ते तिरके लावले की माती एका कडेने ओळीत पडत जाते. वाट फुगीर करायची तर दोन्ही कडांकडून मध्याकडे माती आणत यायचे. एका फेरीत दोन-तीन सेंटिमीटरच तासावे. आम्ही हावरटपणाने पाते खोल घालायचो, मग चाके जागच्या जागी फिरायची. मागच्या चाकांवर वजन नसेल तर ट्रॅक्टर नुसता रडतो. पुढच्या पात्याची आणखी एक खोड आहे. पुढची चाके खड्ड्यात गेली की पातेही खाली जाऊन जास्त खणते, चाके वर चढली की तेही वर उचलले जाते. अशाने वाट लाटालाटांची होते. म्हणून भराभर फेऱ्या मारण्यापेक्षा सावकाश आणि वेगवेगळ्या दिशांनी फिरवावे. मागे जोडायचे पाते असेल तर शेवटचा हात त्याने अधिक नीट फिरतो.

चौथी, माती किंचित ओली असताना काम करावे. कोरडी असली की धुरळा होतो आणि दाबली जात नाही, चिखल असला की चाकांचे चर पडतात. भराव एकदम टाकू नये. दहा सेंटिमीटरचा थर, पाणी शिंपडणे, दाबणे, मग पुढचा थर. दुबईच्या वाळूतही हेच करतात, पाणी मारल्याशिवाय रोलर फिरवत नाहीत.

शेवटी धोक्याचे. जमिनीखालून पाण्याचे पाइप, ठिबकच्या नळ्या, विजेच्या तारा कुठून जातात ते आधी बघावे. चढावर ट्रॅक्टर आडवा चालवू नये, उलटतो. वर-खाली सरळ चालवावा. गवत कापायच्या हलक्या ट्रॅक्टरला माती ओढायला लावू नये, त्याचा गिअर त्यासाठी बनलेला नसतो. आणि आपले पाणी शेजाऱ्याच्या अंगणात सोडून मोकळे होऊ नये. ते चरातून गटारापर्यंत पोचवणे आपले काम.

आम्ही परत आलो आणि पेसाख झाल्यावर, एप्रिल २०२३ च्या अखेरीस, कामाला लागलो. रस्त्याखाली घालायच्या खडी-मातीच्या मिश्रणाला इकडे 'मात्सा' म्हणतात, उच्चार अगदी पेसाखच्या मात्सासारखा. आम्ही फोनवर ट्रकभर मात्सा मागवत होतो, तर आई आतून म्हणाली, "सण संपला, आता एवढ्या मात्साचं काय करणार?" त्या जानेवारीनंतर ती पहिल्यांदाच मोकळेपणी हसली.

या वेळी आम्ही आधी तिला विचारले. अलिबागकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथले घर उंच जोत्यावर, पागोळ्यांचे पाणी पडते तिथे चर, आणि अंगणाला घरापासून बाहेर उतार. पाऊस संपला की दरवर्षी अंगणात नवी माती टाकायची, पाणी मारायचे, बायामाणसांनी चोपण्याने चोपायची आणि मग शेणाने सारवायचे. ना ट्रॅक्टर, ना पाते. "उतार कसा बघायचा तुम्ही?" आम्ही विचारले. ती म्हणाली, "कळशीभर पाणी ओतायचं. जमिनीला सपाट करायचं नसतं रे, वळण लावायचं असतं."

जावयांची बाटली आणि आईची कळशी, एकच विद्या! चर पुन्हा खणला. उंचवटा पुन्हा घातला, पण या वेळी रुंद, बसका आणि वाटेला तिरपा, म्हणजे गाडी आपटत नाही आणि पाणी चराकडे वळते. काम झाल्यावर आईने स्वतः बादली मागवली आणि आपल्या दारासमोर पाणी ओतले. ते बाहेर गेलेले बघून मगच आत गेली.

पुढच्या वर्षी १६ एप्रिल २०२४ ला संयुक्त अरब अमिरातीत १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा पाऊस झाला. अल ऐन भागात खत्म अल शकला इथे २४ तासांच्या आत २५४ मिलिमीटर. दुबईत शेख झायेद रस्त्यावर गाड्या बुडाल्या, विमानतळावर पाणी आले. त्याच आठवड्यात आमच्या देशात क्षेपणास्त्रांचे भोंगे वाजून गेले होते. भाची आमच्या काळजीने फोन करत होती आणि आम्ही तिच्या. तिच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी भरले होते. जावई म्हणाले, "मामा, आम्ही उतार दिला, पण गटारच भरलं तर उतार काय करणार? पाणी उलटं येतं." त्याच वर्षी जूनमध्ये दुबईने पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी ३० अब्ज दिरहमची योजना जाहीर केली. ती २०३३ पर्यंत पुरी करायची आहे. म्हणजे उतार ही अर्धीच गोष्ट, उतार संपतो तिथे पाण्याला वाट मोकळी हवी. तेव्हापासून हिवाळ्याआधी आम्ही चरातले गवत न चुकता काढतो.

आमच्या घरात त्यानंतर पाणी शिरलेले नाही. फोटो मात्र गेले ते गेलेच. उरलेले चार-पाच आम्ही भिंतीवर, उंच लावले आहेत.

ज्यांच्या घरी अजून कुणी म्हातारे माणूस ओट्यावर बसून तुमचे काम बघत असेल, त्यांना एवढेच सांगणे : ट्रॅक्टर सुरू करण्याआधी त्यांना एकदा विचारा.