आधी घडी, मग कुलूप

मोठी फाइल ई-मेलने पाठवण्यापूर्वी ती 'झिप' करण्याची पद्धत आपल्या परिचयाची आहे. शेकडो नोंदींचे खाते-विवरण झिप केल्यावर आकाराने बरेच लहान होते. परंतु तेच विवरण प्रथम कूटबद्ध करून मग झिप केले, तर त्याचा आकार जवळजवळ तसाच राहतो. किंबहुना किंचित वाढतोही. असे का व्हावे?

फाइलच्या संकोचनाचे सारे सामर्थ्य मजकुरातील पुनरुक्तीत असते. विवरणात तारखा, शाखेचे नाव, 'जमा', 'नावे' हे शब्द पुनःपुन्हा येतात. लेम्पेल आणि झिव्ह यांनी १९७७ मध्ये मांडलेली पद्धत असा शब्द पुन्हा न लिहिता तो मागे कोठे आला होता, एवढीच खूण ठेवते. हफमन यांची १९५२ मधील पद्धत वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड संकेत देते. झिपमध्ये सामान्यतः या दोहोंचा मेळ असतो.

कूटलेखनाचे उद्दिष्ट याच्या नेमके उलट आहे. अमेरिकेने २००१ मध्ये मानक म्हणून स्वीकारलेली 'एईएस' पद्धत योग्य रीतीने वापरल्यास मजकुरातील प्रत्येक पुनरुक्ती लोपते आणि झिपला वगळण्याजोगे काहीच उरत नाही. मात्र मजकुराचा १६ बाइटांचा प्रत्येक गट स्वतंत्रपणे कूटबद्ध केला, तर सारख्या गटांचे कूटरूपही सारखेच येते. अशी पुनरुक्ती झिपला दिसते, तशीच ती चोरालाही दिसते!

म्हणून क्रम असा असावा: आधी संकोचन, मग कूटलेखन. प्रवासाला निघताना आपण कपड्यांच्या घड्या घालून मगच पेटीला कुलूप लावतो, तसेच हे.

तथापि, पेटीची जाडीही कधी कधी आतले गुपित सांगून जाते. २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या 'क्राइम' नावाच्या हल्ल्यात ब्राउझरच्या संदेशांत अंदाजाचा मजकूर घुसवला जाई. अंदाज गुप्त मजकुराशी जुळला की संकुचित संदेशाची लांबी घटे. अशा रीतीने कूट न फोडताही गुपित एकेका अक्षराने उलगडत असे. पुढे २०१८ च्या 'टीएलएस १.३' या मानकातून संकोचनाची सोयच वगळण्यात आली.

आपली कागदपत्रे पाठवताना मात्र ही अडचण सहसा येत नाही. पासवर्डसह झिप करताना बहुतेक प्रणाली योग्य क्रम स्वतःच पाळतात. उपलब्ध असल्यास 'एईएस' हा पर्याय निवडावा. झिपची जुनी कूटपद्धत दुबळी आहे. आणि पासवर्ड त्याच ई-मेलमध्ये कधीही लिहू नये. कुलपालाच किल्ली अडकवून ठेवली, तर कुलूप लावून उपयोग काय?