कमांड, शिफ्ट आणि तीनचा आकडा

टॅब कव्हरला टेकवून टेबलावर उभा केलाय, पुढ्यात कीबोर्ड आहे, ऑनलाइन फॉर्म भरून झालाय आणि पडद्यावर अर्ज क्रमांक झळकलाय. आता तो जपून ठेवायचा. इथे बहुतेकांचे हात कीबोर्ड सोडून टॅबच्या कडा चाचपू लागतात. पॉवरचं आणि आवाजाचं बटण एकदम दाबायचं असतं. एक जरा आधी दाबलं गेलं तर पडदाच मिटतो, दुसरं आधी दाबलं गेलं तर आवाज वरखाली होतो, आणि दोन्ही अंमळ जास्त वेळ दाबून धरली तर टॅब बंद करण्याची तयारी सुरू होते. शेवटी वैतागून मंडळी मोबाइल काढतात आणि टॅबच्या पडद्याचा चक्क फोटो घेतात. त्यात वरच्या ट्यूबलाइटची पांढरी पट्टी येते आणि अर्ज क्रमांकातला तो आकडा तीन की आठ, हे काही कळत नाही.

कीबोर्ड जोडलेला असेल, तर यातलं काहीच करावं लागत नाही.

आधी आयपॅड. कमांड, शिफ्ट आणि ३ ही तीन बटणं एकत्र दाबली की पडदा क्षणभर लखलखतो आणि डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात त्याचं छोटंसं चित्र येतं. त्याला हात लावला नाही, तर काही सेकंदांत ते बाजूला सरकतं आणि फोटोंमध्ये जाऊन बसतं. ३ ऐवजी ४ दाबलं, तर तेच चित्र थेट कापाकापीसाठी उघडतं. माझं मत विचाराल तर तीनपेक्षा हा चारच लक्षात ठेवावा, कारण अख्खा पडदा आपल्याला क्वचितच हवा असतो. चित्राच्या कडांना जाड रेघा दिसतात, त्या बोटाने आत ओढायच्या की नको तो भाग वगळला जातो. खाली पेन आणि मार्कर असतात, हव्या त्या ओळीभोवती गोल करता येतो. काम झालं की ‘डन’ दाबायचं. तिथे फोटोंमध्ये ठेवायचं की फाइल्समध्ये, असं विचारलं जातं, आणि २०२२ पासून आणखी एक पर्याय मिळतो, ‘कॉपी अँड डिलीट’. हा फार कामाचा आहे. चित्र कॉपी होतं, ईमेलमध्ये पेस्ट करता येतं आणि टॅबमध्ये मागे काही उरत नाही. नाहीतर नातवंडांच्या फोटोंच्या मध्येमध्ये वीजबिलाच्या पावत्या डोकावत राहतात.

कीबोर्ड ॲपलचाच हवा असं नाही. साध्या ब्लूटूथ कीबोर्डवर कमांड लिहिलेलं बटण नसेल, तर विंडोजच्या चिन्हाचं बटण तेच काम करतं. सफारीत एखादं लांबलचक पान उघडलं असेल, तर ४ दाबल्यावर वर ‘फुल पेज’ असा पर्याय दिसतो. तो निवडला की पडद्यावर न मावलेला खालचा मजकूरही येतो आणि सगळ्याची एक पीडीएफ होते. चार तुकडे टिपून ते व्हॉट्सॲपवर ‘वरून दुसरा आधी वाच’ अशा सूचनेसह पाठवण्याचा खटाटोप त्यामुळे वाचतो.

पण ३ आणि ४ च का? १ आणि २ कुठे गेले? याचं उत्तर १९८४ सालच्या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये आहे. त्या मशीनला फ्लॉपी बाहेर काढायचं बटणच नव्हतं, फ्लॉपी मशीनला सांगून बाहेर काढावी लागे. कमांड-शिफ्ट-१ दाबलं की आतल्या ड्राइव्हमधली फ्लॉपी बाहेर येई, कमांड-शिफ्ट-२ दाबलं की बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हमधली. हे दोन आकडे असे आधीच गेले होते, म्हणून पडदा टिपायला ३ आला आणि टिपलेलं चित्र मॅकपेंटची फाइल म्हणून साठू लागलं. ४ दाबलं की मजकूर प्रिंटरकडे जाई. १९९८ च्या आयमॅकमधून फ्लॉपी हद्दपार झाली, १ आणि २ ची गरज संपली, पण ३ आणि ४ जागेवरून हलले नाहीत. पुढे मॅकवर चारचं काम बदललं. आता तिथे पडद्यावरचा हवा तेवढाच चौकोन आधी आखून घेता येतो. आयपॅडवर मात्र चार आधी सगळा पडदा टिपतो आणि मग कापायला देतो. मॅकची सवय असलेले इथे हमखास गोंधळतात.

विंडोजच्या टॅबवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सरफेससारख्या यंत्रांवर, वेगळाच वारसा चालत आलाय. १९८१ च्या आयबीएम पीसीवर ‘प्रिंट स्क्रीन’चं बटण नावाप्रमाणेच काम करायचं. शिफ्टसोबत ते दाबलं की पडद्यावरची अक्षरं सरळ कागदावर उमटायची. पुढे विंडोजमध्ये कागद गेला आणि चित्र नुसतं क्लिपबोर्डवर जाऊ लागलं. ना आवाज, ना हालचाल. त्यामुळे काही झालंच नाही असं समजून लोक तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिले. २०१२ मध्ये विंडोज ८ आणि पहिला सरफेस बरोबरच आले, तेव्हा हे सुधारलं. विंडोजचं बटण आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबलं की पडदा किंचित अंधारतो आणि ‘पिक्चर्स’मधल्या ‘स्क्रीनशॉट्स’ फोल्डरमध्ये फाइल तयार होते. सरफेसच्या काही जुन्या कव्हर-कीबोर्डांवर प्रिंट स्क्रीनचं बटणच नाही. तिथे एफएन आणि स्पेसबार दाबायचा, आणि फक्त समोरची खिडकी हवी असेल तर जोडीला ऑल्ट.

रोजच्या कामाला मात्र विंडोज, शिफ्ट आणि एस हे त्रिकूट सगळ्यात सोयीचं. पडदा मंद होतो, बोटाने किंवा पेनाने चौकोन आखायचा आणि तेवढंच उचलायचं. यामागचं स्निपिंग टूल मुळात टॅब्लेटसाठीच तयार झालं होतं. २००२ च्या सुमारास पेनाने चालणारे विंडोज टॅब्लेट आले, पेनाने पडद्यावरचा तुकडा कापून घेण्याची कल्पना त्यांच्यासाठी निघाली आणि मग विंडोज व्हिस्टापासून ती सगळ्यांच्या वाट्याला आली.

अँड्रॉइडच्या टॅबबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण ही जोडी २०११ पासून चालत आली आहे. जोडलेल्या कीबोर्डवर प्रिंट स्क्रीन असेल, तर बहुतेक टॅबवर त्या एका बटणाने काम भागतं.

कधी सगळं बरोबर करूनही चित्र काळं येतं किंवा ‘सुरक्षेच्या कारणास्तव परवानगी नाही’ अशी पाटी येते. यात दोष तुमचा नाही, टॅबचाही नाही. बँकांची ॲप्स अँड्रॉइडला आपली खिडकी टिपू न देण्याची सूचना देऊन ठेवतात. ओटीटीवरचा सिनेमाही संरक्षित असतो, म्हणून आयपॅडवर सबटायटल आणि बटणं टिपली जातात, पण चित्राच्या जागी काळोख.

आता जरा काळजीचा भाग. टिपताना आपलं लक्ष मधल्या मजकुरावर असतं, कडेला काय आलंय ते दुसरेच पाहतात. ब्राउझरच्या शेजारच्या टॅबवर डॉक्टरांच्या रिपोर्टचं नाव, वर नुकतीच उतरलेली ओटीपीची सूचना. बरं, कापलं म्हणजे गेलंच असंही नाही. मार्च २०२३ मध्ये उघडकीला आलं, की गुगलच्या पिक्सेल फोनवरच्या आणि विंडोजच्या टिपण्याच्या साधनात कापलेल्या चित्राची माहिती फाइलच्या शेपटाला तशीच राहत होती, आणि तिच्यातून वगळलेला भाग बराचसा परत मिळवता येत होता. दुरुस्ती तातडीने आली, पण आधी पाठवलेल्या फाइली जिकडे गेल्या तिकडे गेल्या. दुसरी फसवणूक मार्करची. आयपॅडच्या जाड हायलायटरने खाते क्रमांकावर तीन-चार फराटे मारले की तो झाकल्यासारखा दिसतो, पण ही शाई पारदर्शक असते. चित्राचा उजेड आणि कॉन्ट्रास्ट वाढवला की खालचे आकडे वर येऊ शकतात. झाकायचंच असेल तर आकाराच्या यादीतला चौकोन घ्यावा आणि तो काळ्या रंगाने पूर्ण भरावा.

स्क्रीनशॉटवर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न दुकानदारांनी आपल्या पातळीवर सोडवलाय. पैसे पाठवल्याचं चित्र दाखवलं तरी काउंटरवरचा डबा बोलेपर्यंत ते पुडकं हातात देत नाहीत. न्यायालयांचा रस्ता लांबचा आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत अर्ज वेळेत दाखल झाला का, यावरून वाद झाला आणि निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आलं. त्या खटल्यात जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की मूळ यंत्र हजर करता येत नसेल आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीची नुसती प्रत दाखल करायची असेल, तर तिच्यासोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलची ‘हॅश व्हॅल्यू’, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण, लिहायची. तेव्हा धमकीच्या किंवा फसवणुकीच्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढला, तरी तो मूळ मेसेज डिलीट करू नका, आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत तो टॅब एक्स्चेंजमध्ये देऊ नका.