मार्पल, मिस जेन

ॲगाथा क्रिस्ती (१८९०–१९७६) ह्या इंग्रज लेखिकेने निर्माण केलेली काल्पनिक स्त्री-गुप्तहेर. इंग्रजी रहस्यकथेतील ‘खेड्यातील खून’ ह्या उपप्रकाराची ती सर्वांत प्रसिद्ध प्रतिनिधी होय. मिस मार्पल ही वृद्ध आणि अविवाहित असून दक्षिण इंग्लंडमधील सेंट मेरी मीड ह्या काल्पनिक खेड्यात राहते. गुन्ह्यांचा तपास हा तिचा व्यवसाय नाही आणि पोलीस खात्यात तिला कोणतेही पद नाही. बागकाम, विणकाम, चहापान आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची विचारपूस ह्यांत तिचा दिवस जातो. डिसेंबर १९२७ मध्ये द रॉयल मॅगझीन ह्या मासिकात प्रसिद्ध झालेल्या ‘द ट्यूझडे नाइट क्लब’ ह्या कथेत ती प्रथम अवतरली. द मर्डर ॲट द व्हिकॅरिज (१९३०) ही तिच्यावरील पहिली कादंबरी. एकूण १२ कादंबऱ्या आणि २० लघुकथा ह्यांत ती आढळते.

ह्या कथांत खुनी कोण, एवढाच प्रश्न नसतो. मोठ्या शहरातील न उलगडलेला खून काही दिवसांत विस्मरणात जातो. परंतु सर्वजण एकमेकांना ओळखतात अशा लहान गावात तो विसरला जात नाही. खरा अपराधी सापडेपर्यंत तेथील प्रत्येक निरपराध माणसाला संशयाखाली जगावे लागते. म्हणून तपासाचा हेतू अपराध्याला शासन व्हावे हा जसा असतो, तसाच निरपराध्यांची त्या संशयातून मुक्तता व्हावी हाही असतो. ह्या दुसऱ्या हेतूची जाणीव मिस मार्पलच्या कथांत सातत्याने दिसते आणि वरवर सौम्य वाटणाऱ्या ह्या कथाप्रकाराला तिच्यामुळेच गांभीर्य प्राप्त झाले आहे.

पूर्वपीठिका : मिस मार्पल ही रहस्यकथेतील पहिली हौशी स्त्री-गुप्तहेर नव्हे. ॲना कॅथरिन ग्रीन ह्या अमेरिकन लेखिकेने दॅट अफेअर नेक्स्ट डोअर (१८९७) ह्या कादंबरीत मिस अमेलिया बटरवर्थ ही चौकस, प्रौढ, अविवाहित स्त्री रंगविली होती. डॉरथी सेयर्सच्या अननॅचरल डेथ (१९२७) मध्ये मिस क्लिंपसन ही अशीच एक स्त्री लॉर्ड पीटर विम्झी ह्या गुप्तहेराला माहिती मिळवून देते. पॅट्रिशिया वेंटवर्थच्या ग्रे मास्क (१९२८) मधील मिस सिल्व्हर हीदेखील विणकाम करणारी वयस्क स्त्री आहे. मात्र तपास हा तिचा व्यवसाय आहे.

स्वतः क्रिस्तीने ह्या व्यक्तिरेखेची दोन उगमस्थाने आत्मचरित्रात सांगितली आहेत. एक म्हणजे तिच्याच द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड (१९२६) ह्या कादंबरीतील कॅरोलाइन शेपर्ड. डॉक्टर भावाकडे राहणारी ही अविवाहित बहीण घरबसल्या गावातील बित्तंबातमी मिळवीत असते. ह्या कादंबरीवरून ॲलिबाय (१९२८) हे नाटक रचण्यात आले, तेव्हा कॅरोलाइनच्या जागी एका तरुण मुलीची योजना करण्यात आली. ही गोष्ट क्रिस्तीला रुचली नव्हती. दुसरे उगमस्थान म्हणजे क्रिस्तीची आजी. ती आनंदी वृत्तीची होती; परंतु प्रत्येक माणसाविषयी वाइटात वाईट गृहीत धरण्याची तिला सवय होती आणि तिचे अंदाज बहुधा खरे ठरत.

अविवाहित वृद्धा नायिकापदी येण्यास सामाजिक पार्श्वभूमीही होती. पहिल्या महायुद्धानंतर झालेल्या १९२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्स येथे पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या सतरा लाखांहून अधिक भरली. अशा स्त्रियांना ‘अतिरिक्त’ म्हणण्याची प्रथा तत्कालीन वृत्तपत्रांत रूढ झाली होती. मिस मार्पल ही त्यांच्या आधीच्या, व्हिक्टोरियाकालीन पिढीतील असली, तरी एकट्या स्त्रीचे आयुष्य निरुपयोगी असते, हा समज तिच्याही वाट्याला आलेला आहे. क्रिस्तीने ह्या समजाचाच कथेत उपयोग करून घेतला. जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही, तिला सर्वांकडे लक्ष देता येते.

रचना : दोन महायुद्धांमधील काळ हा इंग्रजी रहस्यकथेचा सुवर्णकाळ मानला जातो. रॉनल्ड नॉक्सने १९२९ मध्ये रहस्यकथालेखनाचे दहा नियम मांडले. १९३० मध्ये लंडन येथे ‘डिटेक्शन क्लब’ ही लेखकांची संघटना स्थापन झाली. क्रिस्ती तिच्या आरंभीच्या सदस्यांपैकी एक होती. गुप्तहेराला उपलब्ध असणारे सर्व दुवे वाचकालाही उपलब्ध झाले पाहिजेत, हे ह्या काळातील प्रमुख तत्त्व होते. त्याकरिता संशयितांची संख्या मर्यादित असणे सोयीचे ठरते. खेड्यात अशी मर्यादा आपोआपच येते. धर्मगुरू, डॉक्टर, वकील, निवृत्त लष्करी अधिकारी, जमीनदाराचे कुटुंब, काही एकट्या स्त्रिया आणि घरोघरचे नोकर असा ठरावीक समाज तेथे असतो. प्रत्येकाच्या जाण्यायेण्याच्या वेळा इतरांना ठाऊक असतात. त्यामुळे नेहमीच्या क्रमात झालेला लहानसा बदलही पुरावा ठरू शकतो.

द मर्डर ॲट द व्हिकॅरिज ही कादंबरी ह्या रचनेचा नमुना होय. गावात अप्रिय असलेला कर्नल प्रॉथरो हा धर्मगुरूच्या अभ्यासिकेत लिहिण्याच्या मेजाशी गोळी लागून मेलेला आढळतो. त्या वेळी धर्मगुरूला एका खोट्या दूरध्वनीने गावाबाहेर बोलावून नेलेले असते. मेजावरचे घड्याळ उलटून सहा वाजून बावीस मिनिटांवर बंद पडलेले असते. ते मुद्दाम पाव तास पुढे ठेवण्याचा घरातील परिपाठ असतो. परंतु उतावीळ पोलीस अधिकारी धर्मगुरूचे बोलणे ऐकूनच घेत नाही. पुढे दोन व्यक्ती एकामागून एक येऊन आपणच खून केल्याचे सांगतात. मिस मार्पलची बाग धर्मगुरूच्या घराला लागून असल्यामुळे वाटेने कोण गेले, केव्हा गेले आणि कोणाच्या हाती काय होते वा नव्हते, हे तिने पाहिलेले असते. कथेच्या आरंभी धर्मगुरूची पत्नी तिला गावातील अत्यंत कुचकट बाई समजते. अखेरीस तिच्याच निरीक्षणामुळे अपराध्याचा शोध लागतो.

तपासपद्धती : मिस मार्पलची पद्धती शेरलॉक होम्सच्या पद्धतीहून वेगळी आहे. पावलांचे ठसे, राख वा माती ह्यांवरून निष्कर्ष काढण्याकडे तिचा कल नाही. समोर आलेल्या माणसावरून तिला गावातील एखाद्या जुन्या परिचिताची आठवण होते. मासे विकणारा, कामावरून पळून गेलेली मोलकरीण, उधारीत लबाडी करणारा दुकानदार अशा क्षुल्लक वाटणाऱ्या प्रसंगांचा मोठा साठा तिच्या स्मरणात असतो. मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच असून खेड्यात तो जवळून पाहावयास मिळतो, असे तिचे मत आहे. अर्थात साम्यावरून केवळ तर्क सुचतो. पुढे प्रत्यक्ष घटनांशी तो ताडून पाहावा लागतो. अशी पडताळणी ती करते, म्हणूनच तिचा निष्कर्ष आणि पारावरील अफवा ह्यांत फरक राहतो.

दुसरा विशेष म्हणजे घरकामातून आलेले ज्ञान. ‘द ट्यूझडे नाइट क्लब’ ह्या कथेत लेखक, चित्रकर्ती, धर्मोपदेशक, वकील आणि स्कॉटलंड यार्डचा निवृत्त प्रमुख अशी मंडळी मिस मार्पलच्या घरी जमून एका विषप्रयोगाचा विचार करतात. टीपकागदावर उमटलेल्या अक्षरांत ‘हंड्रेड्स अँड थाउजंड्स’ हे शब्द वाचता येतात. शेकडो-हजारो असा शब्दशः अर्थ घेऊन इतर सर्वजण तो पैशाचा उल्लेख समजतात. गोड पदार्थांवर भुरभुरावयाच्या रंगीत साखरदाण्यांना इंग्लंडमध्ये हेच नाव आहे, हे केवळ मिस मार्पलच्या ध्यानात येते. हे दाणे काही गुप्त नव्हते. परंतु स्वयंपाकघरातील ज्ञान पुराव्याच्या कामी येईल, असे विद्वान मंडळींच्या मनात आले नव्हते.

नोकरवर्गाशी असलेला परिचय हाही ह्याच ज्ञानाचा भाग होय. मिस मार्पल अनाथालयातील मुलींना घरकाम शिकवून तयार करते. अ पॉकेट फुल ऑफ राय (१९५३) मध्ये अशीच एक मुलगी, ग्लॅडिस, मारली जाते आणि तिच्या नाकाला कपडे वाळत घालण्याचा चिमटा लावलेला आढळतो. त्या घरात एका श्रीमंत व्यापाऱ्याचाही खून झालेला असतो. मिस मार्पल मात्र तेथे येते ती ग्लॅडिसकरिता. मृत्यूनंतरही त्या भोळ्या मुलीची विटंबना करण्यात आली, ह्याचा तिला संताप आलेला असतो.

कुजबूज आणि न्याय : खेड्यातील चर्चा ही ह्या कथांत दुधारी असते. द बॉडी इन द लायब्ररी (१९४२) मध्ये कर्नल बँट्री ह्याच्या घरातील ग्रंथालयात एका अनोळखी तरुणीचे प्रेत सापडते. त्याच्याविरुद्ध पुरावा नसतो. परंतु लोक त्याला टाळू लागतात आणि तो मनाने खचत जातो. खुनी सापडला नाही, तर ह्या माणसाचे उर्वरित आयुष्य उद्‌ध्वस्त होईल, हे मिस मार्पल जाणते. द मूव्हिंग फिंगर (१९४२) मध्ये निनावी पत्रांमुळे एक शांत गाव परस्परांच्या संशयाने पोखरले जाते. त्यातील आरोप बहुतांशी निराधार असतात; तरीही आगीशिवाय धूर निघत नाही, अशा वृत्तीमुळे ते आपले काम करतात. ज्या कुजबुजीने निरपराध्याचा घात होतो, तिच्यातूनच सत्याचे कण वेचावयाचे, असे मिस मार्पलचे कार्य असते. माणसांविषयी तिला भाबडा विश्वास नाही आणि सिद्ध झालेल्या अपराध्याविषयी तिला दयाही वाटत नाही. ग्रेट ब्रिटनमध्ये खुनाबद्दलची देहान्ताची शिक्षा १९६५ पर्यंत अस्तित्वात होती. त्यामुळे बहुतेक कादंबऱ्यांत अचूक निष्कर्षाला जीवनमरणाचे मोल आहे.

बदलते खेडे : सेंट मेरी मीड हे गतकालीन, अपरिवर्तनीय खेडे आहे, हा समज बरोबर नाही. अ मर्डर इज अनाउन्स्ड (१९५०) मध्ये स्थानिक वृत्तपत्रात खुनाची आगाऊ जाहिरात येते. ही कथा चिपिंग क्लेगहॉर्न ह्या दुसऱ्या खेड्यात घडते. पूर्वी नवागताच्या घराण्याची कोणीतरी साक्ष देत असे. महायुद्धानंतर माणसे देशोदेशींहून येऊन खेड्यांत स्थायिक झाली आणि ती स्वतःविषयी सांगतील तेच खरे मानण्याची वेळ आली. शिधापत्रिका आणि ओळखपत्र हाच काय तो पुरावा उरला. कथेचे रहस्य ह्याच सामाजिक बदलावर आधारलेले आहे. द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड (१९६२) मध्ये सेंट मेरी मीडलगत नवी वसाहत उभी राहते, किराणा दुकानांच्या जोडीला सुपरमार्केट येते आणि बँट्री कुटुंबाचे जुने घर एक चित्रपट-अभिनेत्री विकत घेते. ह्या बदलांबद्दल मिस मार्पलला खंत वाटते; परंतु नव्या वसाहतीत हिंडताना तेथेही तिला जुन्याच स्वभावाची माणसे भेटतात. नेमेसिस (१९७१) ही क्रिस्तीने मिस मार्पलवर लिहिलेली शेवटची कादंबरी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून ठेवलेली स्लीपिंग मर्डर ही मात्र लेखिकेच्या मृत्यूनंतर १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली.

टीका : रेमंड चँडलर ह्या अमेरिकन लेखकाने ‘द सिंपल आर्ट ऑफ मर्डर’ (१९४४) ह्या निबंधात इंग्रजी पद्धतीची रहस्यकथा कृत्रिम असल्याची टीका केली. खून हा खऱ्या कारणांसाठी खरी माणसे करतात, हे ती विसरते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. कवी डब्ल्यू. एच. ऑडन ह्याने ‘द गिल्टी व्हिकॅरिज’ (१९४८) ह्या निबंधात निराळी बाजू मांडली. परिसर जितका निष्पाप दिसेल, तितके त्यातील प्रेत अधिक विसंगत वाटते आणि अपराधी सापडल्यावर समाजाला हरवलेली निष्पापता परत मिळाल्याचा अनुभव येतो, असे त्याचे प्रतिपादन होते. कॉलिन वॉटसनने स्नॉबरी विथ व्हायोलन्स (१९७१) ह्या ग्रंथात अशा खेड्याला ‘मेहेम पार्व्हा’ हे उपरोधिक नाव देऊन त्यातील वर्गीय पूर्वग्रहांवर बोट ठेवले. मोलकरणी आणि परदेशी व्यक्ती ह्यांची क्रिस्तीने काढलेली चित्रे पुष्कळदा साचेबंद आहेत, हे मान्यच करावे लागते.

रूपांतरे व प्रभाव : मार्गारेट रदरफर्ड ह्या अभिनेत्रीने १९६१ ते १९६४ ह्या काळात चार चित्रपटांत मिस मार्पलची भूमिका विनोदी अंगाने केली. बीबीसीच्या दूरचित्रवाणी मालिकेत (१९८४–९२) जोन हिक्सनने सर्व बारा कादंबऱ्यांत ही भूमिका केली असून ती मूळ व्यक्तिरेखेशी अधिक जुळणारी मानली जाते. भारतात ऋतुपर्ण घोष ह्यांनी द मिरर क्रॅक्ड... वरून शुभो मुहूरत (२००३) हा बंगाली चित्रपट केला. त्यात राखी ह्यांनी साकारलेली रांगापिशीमा ही घरगुती वातावरणात वावरणारी विधवा आत्या असून तिच्या रूपाने मिस मार्पल बंगाली कुटुंबात सहज सामावली आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रक्तपाताचे तपशील टाळणाऱ्या, लहान गावातील हौशी तपासाच्या कथांना ‘कोझी’ (ऊबदार, सुखद) असे नाव मिळाले. अशा लेखनासाठी अमेरिकेत १९८९ पासून देण्यात येणाऱ्या पारितोषिकांना क्रिस्तीवरून ‘ॲगाथा’ हेच नाव देण्यात आले आहे. एम. सी. बीटनची ॲगाथा रेझिन ही व्यक्तिरेखा (१९९२ पासून) आणि वृद्धनिवासातील हौशी तपासनिसांवरील रिचर्ड ऑसमनची द थर्सडे मर्डर क्लब (२०२०) ही कादंबरी ह्याच परंपरेतील होत. मात्र सुखद हे विशेषण मिस मार्पलच्या कथांना केवळ बाह्यतः लागू पडते. परिचित माणूस निर्दोष असेलच असे नाही आणि संशयित माणूस अपराधी असेलच असेही नाही, हे त्यांचे मुख्य सूत्र आहे. उपेक्षित मानल्या गेलेल्या स्त्रीच्या अनुभवाला विश्वसनीय ज्ञानाचे स्थान मिळवून देणे, हे मिस मार्पलचे रहस्यकथेच्या इतिहासातील महत्त्वाचे योगदान होय.