जन्मास न आलेला ग्रंथकार

निकोला बूर्बाकी या नावाने छापलेले गणिताचे ग्रंथ अनेक देशांच्या ग्रंथालयांत आढळतात. परंतु या नावाचा गणिती कधी जन्मासच आला नाही. हे एका फ्रेंच गणितज्ञमंडळाने घेतलेले नाव आहे. आम्ही पडलो कलाशाखेचे. त्यांच्या प्रमेयांविषयी अधिकारवाणीने बोलणे आम्हांस शोभणार नाही. पण अनेकांनी मिळून शास्त्रीय ग्रंथ लिहावा कसा व तपासावा कसा, हे समजण्यास गणितच यावे लागते असे नाही.

गोमंतकीय वाचकांस या कथेची विशेष गोडी वाटावी. बूर्बाकी हे मूळचे एका फ्रेंच सेनापतीचे आडनाव. १९२३ साली पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी ते थट्टेने एका खोट्या प्रमेयास चिकटविले. पुढे ते संशोधनलेखात प्रथम आणले गोव्यात १९०७ साली जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी! अलिगढ येथे त्यांचे सहकारी असलेल्या आंद्रे वेय यांनी ही कल्पना सुचविली आणि कोसंबींनी कोणा काल्पनिक रशियन बूर्बाकीच्या ‘दुसऱ्या प्रमेया’वर लेख लिहिला. संयुक्त प्रांतातील एका शास्त्रीय नियतकालिकात तो बिनबोभाट छापलाही गेला. हा बूर्बाकी कोण, असे कोणी विचारलेले दिसत नाही.

ज्या नावाची अशी चौकशी झाली नाही, त्याच नावाखाली पुढे अक्षरन् अक्षर तपासणारे मंडळ उभे राहिले, ही मोठी मौजेची गोष्ट. वेय आणि आंरी कार्तां हे स्त्रासबूर येथे शिकवीत असता प्रचलित पाठ्यपुस्तके त्यांना असमाधानकारक वाटू लागली. डिसेंबर १९३४ मध्ये पॅरिसच्या एका उपाहारगृहात पाचसहा मित्र जमले व आपणच नवे पुस्तक लिहावे असे ठरले. काम थोड्या वर्षांत उरकेल असा त्यांचा होरा होता. पहिला भाग निघाला १९३९ साली, आणि २०१६ सालीही नव्या भागाची भर पडतच होती!

विलंबाचे कारण त्यांच्या रीतीत होते. एकाने प्रकरणाचा कच्चा खर्डा करावयाचा. मग मंडळाच्या बैठकीत तो ओळीओळीने मोठ्याने वाचावयाचा आणि ज्याला जे खटकेल त्याने तेथल्या तेथे बोलावयाचे. आरडाओरडा इतका होई की, पाहुण्यांस ही वेड्यांची सभा वाटे, असे त्या मंडळातील झां द्यूदोने यांनीच सांगितले आहे. खर्ड्याच्या बहुधा चिंधड्या उडत. मग तो दुसऱ्याकडे जाई. पुढल्या बैठकीत त्याचीही तीच गत! असे सहा, आठ, कधी दहा खर्डे होत आणि एका प्रकरणास आठ ते बारा वर्षे लागत. छपाईस सर्वांचे एकमत आवश्यक असे. एकट्याचा नकारही पुरे.

विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. दोघांना मिळून निबंध लिहावयास सांगितला की एक लिहितो व दुसरा सही करतो, हा आमचा नित्याचा अनुभव. येथे तर वर्षभराचे श्रम एका दुपारी फाडले जात, आणि मुखपृष्ठावर लेखकाचे नावही नसे. तरी हे विद्वान पुन्हा लिहावयास बसत. शास्त्रीय नियतकालिकांतील परीक्षक सामान्यतः पडद्याआड राहून आक्षेप घेतो व मोकळा होतो. येथे आक्षेप तोंडावर घ्यावा लागे आणि पुढला खर्डा आक्षेपकाच्याच गळ्यात पडण्याचा संभव असे. आमच्या मते या पद्धतीचे सारे बळ या धाकात होते.

तिचे फळ सर्वांस रुचले असे नाही. हे ग्रंथ रूक्ष आहेत, त्यांत आकृती जवळजवळ नाहीत, अशी तक्रार जुनीच आहे. दहा जणांच्या चाळणीतून गेलेल्या गद्यात कोणा एकाचा स्वर कोठून उरणार?

पन्नाशी गाठलेल्या सभासदाने निवृत्त व्हावे असा त्यांचा दंडक होता. जागा भरण्यास तरुणांस बैठकीस बोलावीत. त्यांना गमतीने ‘गिनीपिग’ म्हणत. त्यांनीही ज्येष्ठांच्या खर्ड्यावर तुटून पडावे अशी अपेक्षा असे. जो आदराने गप्प बसे, त्याला पुन्हा बोलावणे जात नसे.