जुन्या मेकॅनोच्या पुस्तिका

ज्या घरांत एकदोन पिढ्यांपूर्वी 'मेकॅनो' आला होता, तेथे आज चौकशी केली तर भोकांच्या लोखंडी पट्ट्या, दोनचार चाके व मूठभर नट-बोल्ट एखाद्या बिस्किटाच्या डब्यात बहुधा मिळतात. त्यांबरोबर आलेली पुस्तिका मात्र मिळत नाही. ती केव्हाच रद्दीत गेलेली असते. म्हणूनच या कृतिपुस्तिका जमविण्याचा छंद आम्हांस प्रत्यक्ष खेळणी जमविण्याहूनही अगत्याचा वाटतो.

लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी यांनी आपल्या मुलांकरिता धातूच्या पट्ट्यांची यारी तयार केली आणि १९०१ साली त्या कल्पनेचे पेटंट घेतले. कल्पना अगदी साधी. प्रत्येक पट्टीस अर्ध्या अर्ध्या इंचावर भोके पाडावयाची, म्हणजे आज पुलास लागलेली पट्टी उद्या गाडीस लागते. 'मेकॅनो' हे नाव पुढे १९०७ साली आले. परंतु भोके पाडलेल्या पट्ट्या स्वतः होऊन काही सांगत नाहीत. कोणती पट्टी कोठे जोडावी, दातेरी चाक कोणत्या आसावर बसवावे, हे सारे पुस्तिकेत. ती हरवली की उरते ते जवळजवळ भंगारच.

या पुस्तिकांत शब्द थोडे व चित्रे फार. प्रत्येक भागास क्रमांक, आणि प्रतिकृतीशेजारी कोणते भाग किती लागतील याची यादी. ज्या मुलास इंग्रजीचे अक्षरही येत नसेल, त्याने चित्रातील भोके मोजून यारी उभी करावी, अशी ही सोय. मात्र पुस्तिका काढणारा व्यापारीही होता हे विसरून चालणार नाही. काही पुस्तिकांत लहान संचाच्या धन्यास मोठ्या संचांची चित्रेही पाहावयास मिळत, आणि मग वडिलांच्या खिशावर स्वारी ठरलेलीच!

हे सारे पोरकट आहे असे ज्यांस वाटेल, त्यांनी इतकेच ध्यानात घ्यावे की, १९३४ साली मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री व आर्थर पोर्टर यांनी कठीण समीकरणे सोडविणारे एक यंत्र बव्हंशी मेकॅनोच्याच भागांतून उभे केले होते.

हाती आलेली प्रत कोणत्या सालची, हे ओळखण्यात मोठी मौज आहे. पुष्कळ प्रतींच्या पानाच्या तळाशी बारीक आकडे छापलेले असतात. त्यांतील मधला आकडा ६५१ असेल तर सहावा महिना, साल १९५१ असे समजावे. साल नसले तरी संचाचा रंग मदतीस येतो: आरंभीचे भाग पांढऱ्या निकेलचे, १९२६ पासून लाल-हिरवे, १९३४ नंतर निळे-सोनेरी, व महायुद्धानंतर पुन्हा लाल-हिरवे. लिव्हरपूलचा कारखाना १९७९ साली बंद पडला.

१ मे १९९९ रोजी परभणीतून निराळ्या झालेल्या आमच्या हिंगोली जिल्ह्यात लिव्हरपूलची प्रत मिळण्याची आशा थोडी. तथापि याच जातीची एक देशी चीज येथेही शोधण्याजोगी आहे. पुण्याच्या टेल्कोतील अभियंते अरविंद गुप्ता यांनी १९७८ साली रजा घेऊन होशंगाबाद जिल्ह्यातील विज्ञानशिक्षणाच्या कार्यात भाग घेतला. तेथे सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी व आगपेटीच्या काड्या यांतून त्यांनी जोडखेळ सिद्ध केला. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडीत नाही, चौकोन मात्र लगेच कलतो. पुलाच्या कैचीत त्रिकोणच का असतात, ते मुलास चार आण्यांच्या सामानात कळते. त्यांची पुस्तके मराठीतही आली असून संगणकावर फुकट वाचावयास मिळतात. तरीही शाळेच्या कपाटातील, मुलांच्या हाताळण्याने मऊ पडलेली छापील प्रत दिसल्यास ती रद्दीवाल्याच्या तराजूत जाऊ देऊ नये.

जतनाविषयी थोडेसे. आमच्याकडे वैशाखात कागद कडक होतो आणि श्रावणात त्यास बुरशी धरते. वाळवी तर बारमाही. प्रत भिंतीस टेकवून ठेवू नये. गंजलेले तारेचे टाके हलकेच काढून दोऱ्याने शिवावे. चिकटपट्टी कधीही लावू नये, तिचा डाग जात नाही. संग्राहक कोऱ्या प्रतीस जास्त दाम देतात. आम्ही वापरलेली प्रत पसंत करतो. भागांच्या यादीपुढे कोण्या मुलाने पेन्सिलीने केलेल्या खुणा असतील, 'हे आहे, हे नाही' असे टिपलेले असेल, तर खोडरबर दूर ठेवावे.